आई केबिनमध्ये नाहीत

सहाव्या दिवशी सकाळीही आईने पाय पलंगाखाली सोडले, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज राहू दे. तू जा."

हे "तू जा" ताईला पाठ झालं होतं. त्यात राग नसायचा, आग्रहही नसायचा. पण ते म्हणून झालं की आई उशी पाठीशी घेऊन गोल खिडकीतून बाहेर अशी बघत बसायची, की कुठल्याही लेकीचा पाय दाराबाहेर पडला नसता. पाच दिवसांत पाच बेटं झाली होती आणि ताईने ती पाचही डेकच्या कठड्याला टेकून पाहिली होती. बाकीचे प्रवासी रबरी बोटींतून जायचे, दुपारी पायाला वाळू लावून परत यायचे आणि जेवताना तिला सांगायचे की काय राहून गेलं.

सहल आईनेच मागितली होती. ऐंशीव्या वाढदिवसाला धाकट्याने फोनवर विचारलं, "आई, तुला काय हवं?" साडीचोळी, नाहीतर नवा टीव्ही, असं काहीतरी ती म्हणेल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती म्हणाली, "जिथे रस्ता जात नाही, तिथे जायचंय." टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं बसून तिने लोकांना दूरदूरच्या ठिकाणांशी जोडून दिलं होतं. स्वतः मात्र बदलीच्या दोन गावांपलीकडे कधी गेली नव्हती. धाकट्याने मनावर घेतलं आणि परदेशातून दोघींचं बुकिंग करून टाकलं. बावीस केबिनचं छोटंसं जहाज, दहा दिवस, आठ बेटं, आणि मध्ये एक दिवस डोंगरातून जाणारी आगगाडी.

तयारी सगळी ताईची. औषधाच्या दुकानात काउंटरमागे सव्वीस वर्षं काढलेली बाई ती. तिने सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्यांचे डबे भरले, रक्तदाबाचं मशीन घेतलं, न घसरणारे बूट घेतले, डॉक्टरांची दोन पत्रं घेतली. जहाजावर पाऊल ठेवल्या ठेवल्या तिने स्वागतकक्षात एक कागद दिला: एक गुडघा बदललेला आहे, पाण्यात उतरवू नये.

पहिल्या बेटाच्या दिवशी रक्तदाब थोडा वर होता, म्हणून ताईच म्हणाली की नको. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, दमले. तिसऱ्या दिवशी लाटा होत्या. चौथ्या दिवशी आई चक्क तयार होऊन डेकवर आली होती. ताईने तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला, मग सैल केला, मग परत आवळला, खलाशाला म्हणाली, "यांना दोन्ही बाजूंनी धरा हं," आणि आईने जॅकेट काढून तिच्या हातात दिलं. "नको. तू जा." पाचव्या दिवशी तर कारणही दिलं नाही.

आणि आज आगगाडी होती. सगळ्यांत मोठ्या बेटाच्या या बंदरातून ती निघायची आणि मधला डोंगर ओलांडून पलीकडच्या बंदरात पोचायची. जहाज वळसा घालून संध्याकाळी तिथे येणार होतं. पूर्वी डोंगरातलं लाकूड आणायला टाकलेली लाइन. आता चार डबे, पॉलिश केलेलं लाकूड, वेताच्या खुर्च्या. ताईने सगळी आशा त्या गाडीवर ठेवली होती.

"तिथे पाणी नाही, लाटा नाहीत, पायऱ्यासुद्धा दोनच," ती म्हणाली. "गाडीत तरी बसशील ना?"

"सात तास बसून राहायचं, ते मी इथेही बसते."

"मग मीही नाही जात."

"तू जाणार आहेस," आई म्हणाली. "तीन दिवस झाले, तुझं तोंड बघवत नाही."

ताईला संताप आला. हे तोंड कुणामुळे असं झालंय, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. निघताना तिने केबिनची व्यवस्था बघणाऱ्या बाईला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, एकदा वाचूनही दाखवल्या, आणि आईकडे न बघता उतरली.

गाडी आठला निघाली. पहिले दोन तास ताईला काही दिसलंच नाही. बाहेर दऱ्या होत्या, धबधबे होते, खिडकीला घासून जाणारी हाताएवढी पानं होती, आणि ही मनातल्या मनात आईशी भांडत होती. समोरच्या खुर्चीत एक निवृत्त दंतवैद्य गळ्यात मोठी दुर्बीण घालून बसले होते. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना दुर्बीणकाका म्हणत. ते म्हणाले, "आई नाही आल्या?"

"नाही."

"पाचही दिवस नाही आल्या ना?"

"नाही," ताई म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

साडेअकराला चढावर इंजिनातून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप फुटला होता. गार्ड डब्याडब्यातून सांगत आला, "दुसरं इंजिन पलीकडून मागवलंय. वेळ लागेल."

"किती वेळ?"

"चार वाजतील."

पंखे बंद झाले. वेताच्या खुर्च्या पाठीला रुतायला लागल्या. ताईने घड्याळ बघितलं. एक वाजता आईची गोळी होती. ती गार्डच्या मागे लागली. गार्ड निवृत्तीला आलेला, बारीक, शांत माणूस होता. त्याच्या हातातल्या वायरलेसवर पुढच्या स्टेशनपर्यंत बोलता यायचं आणि स्टेशनवरून जहाजाला फोन लागायचा. "बारा नंबरच्या केबिनमध्ये निरोप द्या," ताई म्हणाली, "गाडी उशिरा येईल, काळजी करू नको, आणि गोळी घे."

पाऊण तासाने उत्तर आलं. वायरलेस खरखरला, गार्डने कानाशी धरून ऐकलं, परत विचारलं, परत ऐकलं.

"तुमच्या आई केबिनमध्ये नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"केबिन रिकामी आहे, एवढंच कळलं. मग आवाज गेला. या दरीत असंच होतं."

आई पाच दिवसांत एकटी केबिनमधून बाहेर पडली नव्हती. ओले डेक, उभे जिने, कठड्यापलीकडे समुद्र. आणि सकाळी आपण तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताई डब्यातून खाली उतरली आणि रुळांमधून चालायला लागली.

"कुठे निघालात?" गार्डने विचारलं.

"स्टेशनवर."

"चार किलोमीटर आहे."

"असू दे."

त्याने एकवार तिच्याकडे पाहिलं, मग लाल झेंडा काखेत मारला. "मलाही पुढे जाऊन झेंडा लावायचाच आहे. चला. पण रुळांखालच्या आडव्या स्लीपरांवरच पाय टाका, खडीवर मुरगळेल."

ते चार किलोमीटर ताईला कधी विसरता आले नाहीत. स्लीपरांचं अंतर तिच्या पावलात बसत नव्हतं, एक पाऊल तोकडं पडायचं तर दोन जास्त व्हायची. ब्लाउज अंगाला चिकटला. वाटेत ती आधी आईला काही झालं असेल म्हणून घाबरली, मग धाकट्यावर चिडली, मग रुळांवर, मग आईवर. गार्ड काही विचारत नव्हता, आणि त्याचाही तिला राग आला.

स्टेशन म्हणजे एक खोली, एक बाक आणि एक टेबल. टेबलावरचा फोन तिसऱ्या प्रयत्नाला लागला. जहाजाच्या स्वागतकक्षातली मुलगी बोलत होती.

"बारा नंबर? त्या उतरल्यात."

"उतरल्यात म्हणजे? कुठे?"

"पक्ष्यांच्या बेटावर. वाटेत थांबलोय आम्ही. जे गाडीने गेले नाहीत त्यांच्यासाठी खास. त्या पहिल्याच बोटीत गेल्या."

ताईने टेबलाची कड धरली. पक्ष्यांचं बेट माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. हजारो समुद्रपक्षी जमिनीवरच अंडी घालतात अशा बेटाबद्दल दुर्बीणकाका रोज बोलायचे आणि कप्तान रोज सांगायचा की जमणार नाही.

"त्यांना पाण्यात उतरवायचं नाही, असं मी लिहून दिलंय," ती म्हणाली.

"हो. तो कागद त्यांनी सकाळी मागून घेतला."

"मागून घेतला?"

"हो. वाचला आणि पर्समध्ये ठेवला. त्यांचंच पत्र आहे म्हणाल्या, मग मी काय बोलणार?"

ताई बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली. सुटकेचं रडू होतं ते दोन मिनिटं, मग नुसता संताप. पाच दिवस. पाच बेटं. गार्डने माठातलं पाणी आणून दिलं.

"बऱ्या आहेत ना?"

"मजेत आहेत."

"मग सावकाश रागवा," तो म्हणाला. "इंजिन यायला अजून दोन तास आहेत."

गाडी पलीकडच्या बंदरात पोचली तेव्हा सूर्य बुडत होता. ताई केबिनमध्ये शिरली. आई खुर्चीत बसून टॉवेलने पायाच्या बोटांमधली वाळू काढत होती. नाक उन्हाने लाल झालेलं.

"फार उशीर झाला गं," आई म्हणाली. "जेवलीस का काही?"

"तू पाण्यात उतरलीस."

"गुडघाभर होतं."

"पाच दिवस तू मला इथे बसवून ठेवलंस आणि मी गेल्याबरोबर उतरलीस."

आईने टॉवेल बाजूला ठेवला. "मी कुठे बसवून ठेवलं? मी रोज म्हणत होते तू जा."

"ते म्हणणं होतं? तसं बघितल्यावर कोण जाईल?"

"मग कसं बघायचं होतं? तू गेलीस की मीही मागून जाईन, हेच मनात होतं. तू जातच नव्हतीस."

ताईला वाटलं, आपण काहीतरी जोरात फेकून द्यावं. हाताशी फक्त गोळ्यांचा डबा होता. "मग सांगायचं होतं. तोंड होतं ना?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी एवढं करते आणि तुला मी नकोशी."

"म्हणालेच असते."

"मग?" आई म्हणाली. मग आवाज खाली आणून ती परत बोलली. "तू बरोबर असलीस की मला सारखा माझा गुडघा आठवतो. ती बोटीवरची पोरं हात देतात आणि सोडून देतात. तू सोडत नाहीस."

ताईला हे खोटं आहे असं म्हणायचं होतं, पण चौथ्या दिवशीचा पट्टा आठवला. तेवढ्यात तिला आईच्या कोपरावरचा निळा डाग दिसला.

"हे काय?"

"बसले जरा. पाण्यातच. उचललं त्यांनी."

"पडलीस."

"बसले," आई म्हणाली.

ताईने मलम काढलं. आईने हात पुढे केला, आणि ताईने डागाला मलम लावलं. मग आई पक्ष्यांबद्दल सांगायला लागली. पिल्लं कशी पायाशी येतात, घाण किती, कानठळ्या बसतील असा आवाज. ताईला ते ऐकायचं नव्हतं. तिने सगळं ऐकलं. दुर्बीणकाकांना हे कुणी सांगितलं असेल का, असंही तिच्या मनात आलं. त्यांची अवस्था आपल्याहून वाईट असणार.

दुसऱ्या दिवशी सातवं बेट होतं. आई पहिल्या बोटीत बसली. ताईने स्वतःचं नाव तिसऱ्या बोटीत लिहायला सांगितलं आणि डेकवर उभी राहिली. आईचं जॅकेट एका बाजूला वर गेलं होतं. तिथून ते नीट करता येत नव्हतं. बोट किनाऱ्याला लागली, दोन खलाशांनी हात दिला, सोडला. आई डळमळली. ताईने कठडा घट्ट धरला. आई उभी राहिली आणि वाळूतून पुढे गेली.

अजूनही ताईचा राग गेला नव्हता. पाच बेटं काही परत येणार नव्हती, आणि हे आयुष्यभर आईला ऐकवायचं असं तिने ठरवून टाकलं होतं. तिसरी बोट लागली. खलाशाने हात दिला, तो तिने घेतला नाही, आणि थेट गुडघाभर पाण्यात उडी टाकली. बूट काढायचे राहिलेच होते. ते भरले, एक पाय वाळूत रुतला आणि ती सपशेल खाली बसली.

किनाऱ्यावरून आई बघत होती. तिने दोन पावलं पुढे टाकली, थांबली, आणि वळून चालायला लागली.