खाटेजवळचा प्लगपॉइंट

“तिथं नाही जी, खाली. खाटेजवळ,” हुकुमचंदने काठीच्या टोकाने मातीच्या भिंतीवर रेघ ओढली.

“खाली नोको, समधीजी,” रूपलाल वायरमन म्हणाला. “प्लगपॉइंट कमरेच्या वर लावाचा नियम आहे. घरात पोतारा चालते, भिंत ओली रायते.”

“मंग रेडिओ लावाले मी हरघडी उठून राहू काय? नियम तुमच्या कंपनीत ठेवा. हे माझं घर आहे!”

दुसऱ्या कुणाचं घर असतं, तर रूपलालने हत्यारांची पिशवी उचलून सरळ वाट धरली असती. न्हाणीच्या नळाजवळ पॉइंट मागणाऱ्या एका शेठला त्याने तसं तोंडावर नाही म्हटलं होतं. गोंदियाभर त्याचं ते तिरसटपण माहीत होतं. पण हे लेकीचं सासर. धनवंताला या घरात देऊन वर्षही झालं नव्हतं. मुलीच्या बापाने व्याह्यापुढे एकदा बोलावं, दुसऱ्यांदा बोलू नये. शिवाय आपण अडून बसलो, तर त्याचे टोमणे तिलाच ऐकावे लागतील, हे त्याला कळत होतं.

त्याने पॉइंट खाली बसवला.

काम संपता संपता धनवंता सवयीने पाण्याचा गडवा घेऊन आली आणि जीभ चावून थांबली. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. घामाने निथळणारा रूपलाल हसला.

“बाई, पोतारा मारताना पयले मेन खटका बंद कर. मंगच फडकं लाव.”

“व्हय बाबूजी. कायले एवढी काळजी करता?”

दिवाळी आली. घरोघरी शेणामातीचं कालवण भिजलं, बायकांनी ओल्या फडक्याने भिंतींचे खालचे पट्टे सारवायला घेतले. धनवंता सारवत सारवत खाटेपाशी आली. सासरे डोळे मिटून रेडिओवरचं भजन ऐकत होते. खटका बंद केला असता तर भजन बंद पडलं असतं, आणि सासऱ्यांना ते सांगायचं कुणी? तीही बापाचीच लेक. खटका तसाच ठेवून तिने जपून फडकं फिरवलं.

स्मशानातून परतल्यावर रूपलाल त्याच खोलीत भिंतीला टेकून बसला. समोर पोताऱ्याचा पट्टा प्लगपॉइंटपर्यंत येऊन तुटला होता. पुढची भिंत तशीच पांढुरकी होती.

हुकुमचंद ढसाढसा रडला. “तुमी काऊन अजून एकदा नाही बोललेत, समधीजी? मी आयकलो असतो.”

रूपलालला त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःच्या जिभेचा, आणि आता तो राग कुणाच्याच कामाचा नव्हता.

धनवंताची सासू रुक्मा सगळ्यांना पाणी देत होती. त्याच्यापाशी आली, आणि रिवाज आठवून मागे वळली.

“आना इकडं,” रूपलाल म्हणाला.

रुक्मा गांगरून नवऱ्याकडे पाहू लागली. रूपलालने स्वतःच हात लांब करून तिच्याकडून गडवा घेतला. या घरात आता त्याची लेक नव्हती. त्याने गडवा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत पाणी प्यायला.