नाकाटो झाली

आमच्याकडे जुळ्या मुली झाल्या की पहिली बाबिरये, दुसरी नाकाटो; आईबापांना नाव शोधायचे कष्टच नाहीत. युगांडातल्या आमच्या मासाकाच्या दवाखान्यात कधीही बघा, रांगेत एखाददोन नाकाटो असतातच. ज्या शहाण्याने रांगेचं वेबपान लिहिलं, तोही इथलाच. तो गेला परदेशी आणि त्याची उष्टी काढायला उरलो मी.

दुपारी नर्सबाईंनी हाक मारली. जुळ्यांची आई, म्हणून सगळे त्यांना नालोंगोच म्हणतात.

"सेबुन्या, तुझं यंत्र खोटं बोलतंय रे. जाज्जा नाकाटो, त्या म्हाताऱ्या आजी, सकाळपासून बाकावर बसल्यात, आणि पडद्यावर म्हणे तपासून झाल्या."

"मग त्यांना थेट आत पाठवा ना."

"पाठवलं की. डॉक्टर म्हणतो, झालेल्यांची माहिती उघडत नाही आणि माहितीशिवाय मी हात लावणार नाही. गाडी काढायला सांगितलीय त्याने."

डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो. मी लगेच पानाचा कोड उघडून बसलो.

प्रत्येक नावापुढे 'झालं'चं बटण होतं. ते फंक्शनला, म्हणजे मागे काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, फक्त नाव कळवायचं, आणि फंक्शन यादीत वरून शोधत पहिली सापडेल ती नाकाटो झाली म्हणून रांगेतून पुसून मोकळं व्हायचं. लहान मुलांना आधी घेतात. सकाळी एका चिमुरड्या नाकाटोला तपासलं, नालोंगोंनी तिचं बटण दाबलं, आणि पुसली गेली सगळ्यांच्या आधी आलेली म्हातारी.

मी नाव काढून तिथे 'धिस' लिहिलं. म्हणजे 'हे', आत्ता जे बटण दाबलं तेच. फंक्शन एकच, सगळ्यांना पुरतं. कोणाचं काम आहे ते मात्र त्याच्या हातात द्यावं लागतं. एवढंसं काम, पण इतके दिवस तेवढंही करायचा मला कंटाळा आला होता. मग म्हातारीचं नाव पुन्हा रांगेत घातलं. डॉक्टरने कुरकुरत गाडी थांबवली.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "जाज्जा, इतका वेळ बोलला का नाहीत?"

"नाकाटो झाली, असं दिसलं ना तिथे. म्हटलं, असेल दुसरी कुणी. जन्मापासून बाबिरये आधी आणि मी मागून. सवय आहे बाबा."

"गेल्या महिन्यातही आला होतात?"

"आले होते. तेव्हाही नाकाटो झाली होती." तिने डाव्या डोळ्यावरची पट्टी चाचपली. "तेव्हा याने दिसत होतं अजून."