श्रीनिवासरावांचा देखणा नकार

श्रीनिवास केळशीकर दाराशी उभे राहून पायपुसण्यावर बूट घासत होते, तेव्हाच सुहासिनीने ओळखलं की माणूस काहीतरी मागायला आलाय. पाच वर्षांत जो या घराची पायरी चढला नव्हता, तो रविवारी दुपारी ईलिंगहून गाडी हाकत स्टॅनमोरला येतो, हातात बर्फीचा पुडा असतो, तो काही तिच्या गुडघ्याची चौकशी करायला येत नाही.

"या म्हणणार की नाही?" ते हसून म्हणाले.

"या ना," ती म्हणाली. घरी आलेल्याला या म्हणायचंच असतं, मनात काहीही असो.

चहा टाकायला ती आत गेली आणि ओट्याशी उभी राहून तिने आधी स्वतःचं डोकं ताळ्यावर आणलं. कारण हा माणूस नुसता समोर बसला तरी तिच्या अंगाचा तिळपापड होत असे.

श्रीनिवासराव बारा वर्षं कौन्सिलर होते, आणि ती बारा वर्षं त्यांना सुहासिनीने मिळवून दिली होती. तीन निवडणुकांत ती त्यांची एजंट, तीही बिनपगारी. कुठल्या घरात कोण राहतं, कोणाला रस्त्यातल्या खड्ड्यांचा राग आहे, कोणत्या आजीबाईंना पोलिंग स्टेशनला गाडीतून न्यावं लागतं, सगळं तिला तोंडपाठ. भर फेब्रुवारीत घरोघरी प्रचाराची लीफलेट टाकताना एका दाराच्या फटीतून कुत्र्याने तिचं बोट फोडलं होतं, तर तिने रुमाल गुंडाळून उरलेली गल्ली पुरी केली होती. भाषणंही तीच लिहायची. श्रीनिवासराव ती उत्तम वाचायचे, हे मात्र खरं. आवाज देवाने दिला होता, मजकूर सुहासिनीने.

मग २००२ साल आलं. शेजारच्या वॉर्डातला उमेदवार आजारी पडला. वॉर्ड असा की पक्षाने तिथे खुर्ची उभी केली असती तरी निवडून आली असती. पक्षाने श्रीनिवासरावांना सांगितलं, तुमच्या त्या एजंटबाईंना विचारा. त्यांनी विचारलं. त्यांच्याच घरी, जेवताना, भात वाढून घेता घेता. सुहासिनीला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आणि ज्या घरात ती वाढली तिथली कुठलीही बाई म्हणाली असती तेच ती म्हणाली, "छे हो, मला कसलं जमतंय!"

आता आपल्यात याचा अर्थ काय होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. याचा अर्थ, पुन्हा विचारा. श्रीनिवासरावांना तर तो पुरता ठाऊक होता. पण त्यांनी भात कालवला, विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी पक्षाला कळवलं की बाईंना रस नाही. जागा त्यांच्या मेहुण्याला मिळाली. पुढे गणपतीत चारचौघांत कोणीतरी विषय काढला, तेव्हा हसत म्हणाले, "मी विचारलं होतं बुवा! तीच नको म्हणाली. मी काय करणार?" सगळे हसले. सुहासिनी हातात प्रसादाचं ताट घेऊन तिथेच उभी होती.

तो हशा तिने पाच वर्षं जपून ठेवला होता.

चहाचा घोट घेऊन श्रीनिवासराव मुद्द्यावर आले. गेल्या मे महिन्यात ते निवडणूक हरले होते, या वेळी सुहासिनीशिवाय लढले होते, आणि तेव्हापासून लोक त्यांना 'माजी कौन्सिलर' म्हणत. तो 'माजी' त्यांना भातातल्या खड्यासारखा लागत होता.

"आपल्या थेम्सतीर मराठी मंडळाचं बघ," ते म्हणाले. "तिथलं सगळं तूच बघतेस, तुला ठाऊक असेलच. यंदा प्रेसिडेंट बदलतोय. चाळिसावं वर्ष आहे, नवा हॉल होतोय, ओपनिंगला मोठमोठे लोक येणार. मी आपला नुसता विचार करतोय हं. ठरवलेलं काहीच नाही."

"म्हणजे उभं राहायचंय."

"तू ओळखतेसच. रीडिंग गावातली ती आयटीवाली नवी मंडळी मला नीट ओळखत नाहीत. म्हटलं एक छानसं लीफलेट काढू, शनिवारी दहा-बारा घरं करू. प्रॉपर कॅम्पेन. तुझ्यासारखी स्ट्रॅटेजी कोणाला जमते?"

सुहासिनीला हसू आलं. पाच वर्षांनी आठवण झाली तीही पायांची आणि पेनाची. मागच्याबद्दल एक शब्द नाही. 'चुकलं माझं' एवढं जरी ते म्हणाले असते, तरी कदाचित तिने त्यांना बर्फीसकट सोडून दिलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं.

आणि दुसऱ्या बिस्किटापाशी तिचं ठरलं.

"लीफलेट अजिबात नको," ती म्हणाली. "ते कौन्सिलला ठीक. मंडळात जो मागतो त्याला मिळत नाही. चाळीस वर्षांत एक तरी अध्यक्ष 'मला व्हायचंय' म्हणून झालाय का? नाव सुचवायचं दुसऱ्याने, आपण नाही म्हणायचं, लोकांनी धरून बसायचं, मग हात जोडून उठायचं. असंच होतं ना?"

"असंच होतं," श्रीनिवासरावांचे डोळे लकाकले. "करेक्ट."

"मग तुमचं कॅम्पेन म्हणजे तुमचा नकार. तो असा झाला पाहिजे की रीडिंगची पोरंसुद्धा म्हणतील, माणूस आहे! अनुराधाताई नाव सुचवतील, त्यांचा तुमच्यावर जीव आहे. नकार मी लिहून देते."

जाताना ते तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. तिने दार लावलं आणि बर्फी फूड वेस्टच्या डब्यात टाकली. नवरा गिरीश सोफ्यावरून बघतच राहिला. "अगं, चांगली होती की!"

तो नकार तिने जुबिली लाइनच्या ट्रेनमध्ये, ऑफिसला जाता-येता आठवडाभर लिहिला. आयुष्यात इतकं मन लावून तिने काही लिहिलं नव्हतं. शब्द न् शब्द घासला. तालमीच्या वेळी श्रीनिवासराव एका वाक्यापाशी अडखळले.

"'मला आग्रह कराल तर माझ्या शब्दाला तुमच्या लेखी किंमत नाही, असं मी समजेन.' हे जरा जास्त होत नाही का?"

"श्रीनिवासराव, पंगतीत पानावर आडवा हात धरल्याशिवाय वाढपी जिलबी टाकतो का? हात जितका घट्ट, तितका आग्रह मोठा."

त्यांना ते पटलं. जिलबीचं उदाहरण असं की कोणालाही पटतं.

मार्चमधल्या एका शनिवारी, दुपारी तीन वाजता, स्टॅनमोरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. नव्वदेक माणसं होती. एका बाजूला जुनी मंडळी, स्वेटर आणि शाली. दुसऱ्या बाजूला रीडिंगचे इंजिनियर, मांडीवर पोरं. जुने अध्यक्ष पुण्याला गेले होते, म्हणून सभा चालवायला ईशिता होती. तिशीची, इथेच जन्मलेली, पेशाने सॉलिसिटर. मराठीवर तिचं प्रेम होतं, पण मराठीचं तिच्यावर तेवढं नव्हतं.

"सगळ्यांना नमस्कार," ती म्हणाली. "एक छोटी गोष्ट सांगतो, सॉरी, सांगते. ज्याचा नाव येईल त्याला मी एकदाच विचारणार. यस किंवा नो. ते मिनिट्समध्ये जाणार. लास्ट इयर आपण दोन तास 'नको नको' केलं आणि हॉलचा टाइम संपला. ओके?"

लोक हसले. श्रीनिवासरावही हसले. बारा वर्षं कौन्सिलमध्ये बसलेल्या माणसाला वाटतं, असले नियम दुसऱ्यांसाठी असतात. सुहासिनीने त्यांच्याकडे पाहिलं. अजून वेळ होता. तिने नुसती मान हलवून खूण केली असती तर ते सावध झाले असते. तिने मान अजिबात हलवली नाही.

अनुराधाताईंनी नाव सुचवलं. ईशिताने विचारलं, "काका, तुम्ही अ‍ॅक्सेप्ट करता?"

श्रीनिवासराव उठले. कोट सारखा केला. आणि बोलले, ते काय बोलले! चाळीस वर्षांपूर्वी चार कुटुंबांनी एका स्वयंपाकघरात मंडळ कसं सुरू केलं. आता इथे जन्मलेल्या पोरांनी ते हातात घ्यायचे दिवस कसे आले. पांढऱ्या केसांनी वाट अडवू नये, वाट दाखवावी आणि बाजूला व्हावं. आवाज दाटून आला, तोही बरोबर जागेवर. "म्हणून मी नम्रपणे नाही म्हणतो. मला आग्रह कराल तर माझ्या शब्दाला तुमच्या लेखी किंमत नाही, असं मी समजेन."

आधी रीडिंगच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, पोरं उभी राहिली, बघता बघता अख्खा हॉल उभा राहिला. एक आजोबा डोळे पुसत होते. अनुराधाताई रीतीप्रमाणे "अहो, पण—" म्हणून पुढे झाल्या, तर शेजारच्या बाईंनी त्यांचा पदर ओढला. "ताई, असं काय करता? त्यांच्या शब्दाचा मान ठेवा."

"थँक यू, काका," ईशिता म्हणाली. "दॅट वॉज ब्युटिफुल. श्रीनिवास काका डिक्लाइन्ड. मी लिहिलं."

श्रीनिवासराव उभेच होते. हात जोडलेले. ते वाट पाहत होते. टाळ्या थांबल्या, लोक बसले, तरी ते उभेच. "तसं," ते घसा खाकरून म्हणाले, "सभेची अगदीच इच्छा असेल तर मी..."

"नो नो, काका!" ईशिता घाईने म्हणाली. "तुम्हाला कोणी प्रेशर नाही करणार. वी रिस्पेक्ट इट. बसा तुम्ही, प्लीज." आणि पुन्हा टाळ्या.

ते बसले. अख्ख्या हॉलमध्ये त्यांनी एकीकडेच पाहिलं, सुहासिनीकडे. तिने नजर चुकवली नाही. त्यांचा चेहरा उतरताना तिला नीट बघायचा होता आणि तो तिने शेवटपर्यंत बघितला.

"अजून कोणी?" ईशिताने विचारलं.

"मग आपली सुहासिनी आहे की," अनुराधाताई म्हणाल्या. "सगळं तीच तर बघते."

नव्वद डोकी वळली. हे सुहासिनीच्या हिशेबात नव्हतं. तिचा बेत त्यांना पाडण्याचा होता, स्वतः चढण्याचा नव्हता. नकार आपोआप जिभेवर आला, आईने घडवलेली जीभ ती. समोर श्रीनिवासराव खुर्चीत पुढे सरकले होते. ही आता नाही म्हणणार, मग गाडी पुन्हा आपल्याकडे वळेल, ही आशा त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"हो," सुहासिनी म्हणाली. "मला अध्यक्ष व्हायचंय. मला ते काम येतं."

असं बोलणं त्या मंडळाने कधी ऐकलंच नव्हतं. मागून कोणीतरी कुजबुजलं, "अगंबाई, काय हावरी!" ईशिताने शांतपणे हात वर करायला सांगितले आणि मोजले. एकोणसाठ. विरोधात अठरा. बाकीच्यांना ठरवता आलं नाही.

सभा संपल्यावर श्रीनिवासरावांनी तिला कार पार्कमध्ये गाठलं.

"ठरवून केलंस हे."

"हो."

"जेवतानाच्या एका बोलण्यावरून? पाच वर्षं डोक्यात ठेवलंस?"

"रोज ठेवलं," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं तू मोठ्या मनाची आहेस."

"नाही हो. माझं 'मला कसलं जमतंय' तुम्हाला तेव्हाही नीट कळलं होतं, आणि आज मीही कळले असते. तुम्ही लक्ष दिलं नाहीत."

ते काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात रीडिंगचा एक मुलगा येऊन त्यांच्या पाया पडला. "काका, काय बोललात! इन्स्पायरिंग!" म्हणाला. त्यांना त्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागला.

सुहासिनी गाडीत बसली. सूड घेतला की आतून रितं रितं वाटतं, मन खातं, असं तिने लहानपणापासून ऐकलं होतं. गिरीश गाडी सुरू करेपर्यंत ती त्या रितेपणाची वाट बघत बसली. मेन रोड आला, दोन सिग्नल गेले, तरी ते आलं नाही. आलं ते हसू, आणि ते काही केल्या आवरेना.

"बरी आहेस ना?" गिरीशने विचारलं.

"खूप बरी आहे," ती म्हणाली. "कुठेतरी थांब. मला कडकडून भूक लागली आहे."