बुधवारचा पाठ

जगदेव मास्तरांना जाऊन सव्वादोन महिने झाले होते आणि त्यांच्या जागेसाठी घरात जोरात अभ्यास चालला होता. अभ्यास करणारा होता मास्तरांचा धाकटा भाऊ पंजाब, आणि अभ्यास घेणारी होती मास्तरांची बायको वच्छला.

नोकरीत असताना मास्तर वारला तर त्याच्या घरातल्या एका मॅट्रिक झालेल्या माणसाला जागेवर घेतात, ट्रेनिंगचं मागाहून पाहतात, असं शाळेच्या हेडमास्तरांनी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, दिवशीच सासऱ्यांच्या कानावर घातलं होतं. घरात मॅट्रिक दोन होते. वच्छला पहिल्याच बैठकीत सेकंड क्लासात सुटलेली. पंजाब तीनदा बसला, चौथ्यांदा परीक्षेलाच त्याची दया आली. पण क्लास विचारतो कोण? सासरे भिवाजी जऊळक्याच्या स्टेशनावर गँगमन होते, आणि रुळाला जशी एकच दिशा तशी त्यांच्या विचारालाही.

"ते बाईमाणूस हाये," ते सासूबाईंना म्हणाले होते. "उद्या तिच्या भावानं दुसरं घर पाह्यलं, त नोकरीबी तिच्यासंगं जाईन. पंजाब कुठी जाते? तो घरचा हाये."

वच्छला तिथेच ज्वारी निवडत बसली होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं तशी तिची मान हलली. त्या दिवसांत तिची मान कशालाही हलायची. जेवतेस का म्हटलं तरी हलायची, राहू दे म्हटलं तरी हलायची. त्यामुळे तिचा होकार घ्यायला कोणाला काही कष्ट पडले नाहीत.

भिवाजी तसे वाईट नव्हते. मोठा मुलगा गेल्यावर आठ दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण पंजाबची ऑर्डर आली की वच्छलाला मानोऱ्याकडे घेऊन जावं, असं पत्रही त्यांनी तिच्या भावाला परस्पर पाठवलं होतं. भावाच्या दोन खणांत आधीच सात माणसं होती. सासूबाईंनी एक दिवस झाडायचं म्हणून वच्छलाची पत्र्याची पेटी दाराशी काढून ठेवली. झाडून झालं तरी पेटी दाराशीच राहिली. आता या घरात आपलं काही उरणार नाही, हे वच्छलाला कळत होतं. कळून काही होत नव्हतं, एवढंच. हात अंगाखाली दबला की मुंग्या यायच्या आधी थोडा वेळ तो आपला वाटतच नाही, तशी ती सगळीच झाली होती. रडूही आलं नव्हतं. बायकांनी पहिले काही दिवस वाट पाहिली, मग ती कडक मनाची आहे असं ठरवून टाकलं.

तर अभ्यास. निवड समिती अकोल्याला बसणार होती. ओळखीच्या एका मास्तरांनी प्रश्न लिहून दिले होते आणि सांगितलं होतं, जगदेवच्या टाचणाच्या वह्या न्या, साहेब लोकांवर छाप पडते. टाचण म्हणजे आठवडाभर कुठल्या तासाला काय शिकवायचं, कसं शिकवायचं, याची आधीच लिहून ठेवलेली तयारी. हेडमास्तर त्यावर सही करतात, विस्तार अधिकारी आले की तेच आधी मागतात. जगदेव मास्तरांच्या टाचणाचं नाव पार वाशिमकडच्या मालेगावपर्यंत होतं.

आता गंमत अशी, की त्या वह्यांतलं एक अक्षरही मास्तरांचं नव्हतं. मास्तर फळ्यापुढे उभे राहिले की रंगून जात, पण कोरा कागद दिसला की त्यांना जांभया येत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रविवारी दुपारी ते सांगत आणि वच्छला लिही. दुसऱ्या वर्षी ते नुसता विषय सांगून आडवे होत. पुढे तेही सांगेनासे झाले. वच्छलाच ठरवायची, या आठवड्यात भागाकार की नदी. सोमवारी चहा पिताना मास्तर वही वाचत, आणि संध्याकाळी सायकल भिंतीला लावता लावता सांगत, "तुह्या पाठाले आज पोरं लय हासले." ती सगळा दिवस त्या एका वाक्याची वाट पाहायची. गावात कोणाला पत्ता नव्हता, पण किन्हीराजाच्या वाटेवरच्या त्या शाळेत चौथीचा वर्ग चार वर्षं दोघं मिळून शिकवत होती. तिने मात्र तो वर्ग कधी पाहिला नव्हता.

शिकवून झालेल्या पाठापुढे मास्तर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करत. शेवटच्या वहीत खुणा मंगळवारपर्यंत होत्या. मंगळवारी शाळेतून येताना नाल्याच्या पुलावर सायकल घसरली आणि कठड्याला डोकं लागलं. बुधवारी सकाळी वाशिमच्या दवाखान्यात ते गेले. बुधवार ते शनिवार, चार पाठ बिनखुणेचे राहिले.

पंजाब ओट्यावर बसून पाठ करायचा. शिकवताना कुठून कुठे जायचं? ज्ञाताकडून अज्ञाताकडे. पाठाच्या पायऱ्या कोणत्या? प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, आणि मग तो छपराकडे पाहायचा. वच्छला वही न उघडता पुढचं सांगायची. पोरगा मनाचा साफ होता, पण त्याचं मन सायकलच्या दुकानात. चाक फिरवून आरा वाकडा आहे हे तो कानाने ओळखायचा. अपूर्णांक मात्र त्याला कुठूनही ऐकू येत नव्हते.

पंजाबचे प्रश्न वीस होते. वच्छलाचा एकच होता, आणि त्याची तयारी सासरे स्वतः करून घेत. संमतीचा कागद तिने सही करून दिला होताच, पण साहेब तोंडीही विचारतात म्हणे.

"साहेब म्हणन, बाई, तुमची काही हरकत हाये काय. त तू काय म्हणशीन?"

"माझी कोणतीही हरकत नाही. मी राजीखुशीने संमती देते."

"बराबर. तिथी नाई नको म्हणू, नाही म्हण. शिकलेली हायेस तू."

रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला हे व्हायचं. पंधरा दिवसांत ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की तोंडातून बाहेर पडताना जिभेला लागेना.

जायच्या दिवशी तिने पहाटे उठून शिदोरी केली. परातीतलं पीठ सरत आलं होतं. पहिली भाकरी चांगली ताटाएवढी झाली आणि उरल्या गोळ्याची तळहाताएवढीच. तव्याला बोट लागलं ते वास आल्यावर तिच्या लक्षात आलं. फडक्यात दोन्ही भाकरी आणि तिखटाची चटणी बांधून ती निघाली. सासऱ्यांची ड्यूटी असल्याने सोबत पंजाबच. त्याच्या अंगावर मास्तरांचा पांढरा सदरा होता, खांद्यात सैल.

गाडीत बार्शीटाकळी गेल्यावर पंजाबने वह्यांचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं आणि तिच्याकडे न पाहता विचारलं, "वयनी, तुमी खरंच राजी हाये का?"

"माझी कोणतीही हरकत नाही. मी राजीखुशीने संमती देते," वच्छला म्हणाली.

पंजाबने गाठोडं परत मांडीवर घेतलं. खिडकीतून तुरीच्या खुंटांची रानं मागे जात राहिली.

अकोल्याच्या ऑफिसात व्हरांडाभर उमेदवार बसले होते. कोणी पुटपुटत होतं, कोणी नखं खात होतं. वारसाची प्रकरणं शेवटी घेतली. दीड वाजता शिपायाने नाव पुकारलं आणि दोघांना एकदमच आत नेलं. टेबलामागे तिघे होते. मधले चष्मेवाले साहेब, एका बाजूला टोपीवाले वयस्कर सभासद, दुसऱ्या बाजूला कागद पुढे सरकवणारे एक बाबू. पंजाबला टेबलासमोरची खुर्ची मिळाली, वच्छलाला भिंतीकडचा बाक. पलीकडे पाठ घेऊन दाखवण्यासाठी फळा होता.

पंजाबने सुरुवात बरी केली. नाव, गाव, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. साहेब तोवर वह्या चाळत होते. चाळता चाळता त्यांचं चाळणं थांबलं आणि ते वाचायला लागले. मग शेवटची वही उघडून त्यांनी पंजाबपुढे ठेवली.

"फार सुंदर टाचण आहे. हा पुढचा पाठ घ्या. बुधवार, गणित, अपूर्णांक. आम्ही चौथीची मुलं आहोत असं समजा."

पंजाबने वही हातात घेऊन वाचलं, "साहित्य. दोन भाकरी, एक मोठी, एक लहान." पुढे तो थांबला. दोन कशाला, एक का नाही, हे त्याला कुठे माहीत होतं? तो वहीत पाहत राहिला. साहेबांनी त्याची अडचण ओळखून विषय बदलला. भल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "बरं, तो वर्ग सध्या कोणाकडे आहे?"

"कोणाकडीच नाई साहेब. तिसरीत बसवून राह्यले पोरायले. तवापासून चौथीचं काही झालंच नाई."

हे वच्छलाने ऐकलं. दोन महिन्यांत खूप लोक खूप बोलले होते, पण तिला ऐकू आलेली ही पहिली गोष्ट. मास्तर गेले तरी शाळा चालूच असेल, असं तिने न विचार करताच धरलं होतं. कोणीतरी बुधवार घेतला असेल, गुरुवार घेतला असेल. तर कोणीच घेतला नव्हता. न पाहिलेली ती सगळी पोरं मंगळवारपाशीच बसून होती. तिच्यासारखीच.

"बाई," साहेबांनी संमतीचा कागद वर उचलला, "ही सही तुमचीच ना? दिरांना नोकरी देण्यास तुमची काही हरकत?"

तिचं तोंड आपोआप उघडलं. वाक्य जिभेवर होतंच. पण तेवढ्यात तिला पंजाबच्या हातातली वही दिसली, आणि बुधवारपुढची समासातली ती बिनखुणेची कोरी जागा दिसली.

"हरकत हाये," ती म्हणाली.

पंजाबने मागे वळून पाहिलं. बाबूंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"काय हरकत आहे?" साहेबांनी विचारलं.

याची तयारी कोणी करून घेतली नव्हती. हक्क, नियम, सेकंड क्लास, दाराशी ठेवलेली पेटी, सांगायला खूप होतं. तिला त्यातलं एकही सुचलं नाही.

"बुधवारचा पाठ राह्यला हाये," ती म्हणाली. "तो मी लिवला. मलेच येते तो."

साहेबांनी संमतीवरची सही पाहिली. मग पंजाबकडून वही घेऊन ती पाहिली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांनी टोपीवाल्या सभासदांपुढे सरकवली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तो पंजाब उठल्याचा.

"तुमी बसा वयनी," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगा, सुटल्याचा आनंद होता. घरी बापाला काय सांगायचं ही काळजी त्याच्यामागून हळूच येत होती.

"बसून नाही," साहेब म्हणाले. "उभं राहून घ्या."

वच्छला फळ्यापाशी गेली. शिदोरीचं फडकं सोडून तिने दोन्ही भाकरी बाहेर काढल्या. उजव्या हातात मोठी, डाव्या हातात लहान. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"ही मोठी भाकर सोमलाची. ही लहान भाकर लखमाची," तिने सुरू केलं. "दोघायनंबी आपली अर्धी अर्धी मले देल्ली. मले दोघाईकून सारखंच भेटलं का?"

तिने टोपीवाल्यांकडे बोट केलं.

"तुमी सांगा."

"नाही," टोपीवाले गडबडून म्हणाले.

"काहून नाही? अर्धी त दोघायनंबी देल्ली."

ते विचारात पडले. वर्गात या जागी पोरं गोंधळतील, थोडं थांबावं, असं तिनेच टाचणात लिहून ठेवलं होतं. ती थांबली. आणि त्या थांबण्यात तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सोमवारी चहाबरोबर मास्तरांनी हे वाचलं होतं आणि म्हणाले होते, बुधवारी मले दोन भाकरी जास्तीच्या करून दे. त्या करायच्या राहिल्या होत्या. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत भाकरी होत्या.

"अर्धी म्हटलं का लगेच हो म्हणाचं नाई," ती तशीच पुढे म्हणाली. "आंधी इचाराचं, कशाची अर्धी."

मग तिने भाकरी मोडल्या, तुकडे टेबलावर मांडले, फळ्यावर गोल काढून चार भाग केले, दोन गणितं सोडवून घेतली आणि गृहपाठ दिला. साहेबांनी टोपीवाल्यांपुढचा संमतीचा कागद ओढून घेतला, टाकाने त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि टेबलावरची लाल पेन्सिल उचलून तिच्यापुढे ठेवली.

वच्छलाने वही ओढून घेतली आणि बुधवारपुढे बरोबरची खूण केली. तिला कोणी थांबा म्हटलं नाही, म्हणून पान उलटून तिने गुरुवारचा पाठ सुरू केला.