चार पायांचा पलंग

सुतारबाबाने ठमीसाठी इवलासा पलंग केला, पण रोज रात्री ती बाबाच्याच पलंगात शिरे, अन् तिच्या लाथा त्याच्या बरगड्यांत. झोपेविना तो इतका पेंगुळला, की एकदा फळी सोडून त्याने स्वतःच्या मिशीवरच रंधा फिरवला.

शेवटी तो म्हणाला, "ठमे, पलंगाला चार पाय असतात. वर कुणी झोपलं नाही, तर रात्रीत पळून जातो."

ठमी तडक आपल्या पलंगावर आडवी झाली, ती सकाळपर्यंत हलली नाही.

ताजातवाना बाबा कामाला निघाला, तोच पलंगावरून हाक आली, "बाबा, तुझ्या पलंगालापण पाय आहेत. तू का उतरलास?"

"अगं, गिऱ्हाईक कपाटाची वाट बघतंय."

"कपाटालाही पाय आहेत ना?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मग जाईल की चालत. तुम्ही झोपा."