माशाचा जप आणि आत्याचं बटण

जलबाबांच्या दिवाणखान्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसली होती, भिंतीला टेकून उभी होती, काही जण खिडकीबाहेरून माना लांब करून बघत होते. एवढं बघायला काय होतं? एक मासा. तळहाताएवढा, चंदेरी, अंगावर काळे पट्टे. मोठ्या काचेच्या टाकीत तो संथपणे फिरत होता, तोंड उघडत होता, मिटत होता, आणि त्याच्या मागच्या खडकातून बुडबुड्यांची माळ वर चालली होती.

"जप चाललाय," बाबा हळूच म्हणाले. "एकेक बुडबुडा म्हणजे एकेक नाम."

गर्दीने हात जोडले. मी जोडले नाहीत, पण हात रिकामे दिसू नयेत म्हणून मांडीवरची पर्स नीट धरली.

मासा तोंड उघडणार नाही तर काय करणार? पाणी आत घेऊन कल्ल्यांतून सोडणं हाच त्याचा श्वास. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, हे मुलांना दर वर्षी सांगते. पण तिथे सांगितलं असतं तर मला उचलून बाहेर ठेवलं असतं. शिवाय शेजारी आत्या बसली होती, डोळ्यांत पाणी आणून.

"या, टाकीला हात लावा," बाबांनी पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्याला बोलावलं. "घाबरू नका. काय जाणवतंय?"

"कोमट आहे की हो!"

"बाहेर थंडी किती? आत चूल नाही, शेगडी नाही. ही साधनेची ऊब आहे! आणि पाणी बघा. आम्ही कधी बदलत नाही, तरी आरशासारखं. ही कंपनं आहेत, ऊर्जा आहे. अहो, हे विज्ञानच आहे, फक्त विज्ञानाला अजून कळलेलं नाही!"

या शेवटच्या वाक्याला मी मनातल्या मनात शंभरपैकी शून्य दिलं.

बाबांचा व्यवहार मात्र चोख होता. दुखणं घेऊन आलेल्याला ते एक गोल काचेचं भांडं देत आणि त्यात अशाच जातीचं एक पिल्लू सोडून देत. नियम कडक. पाणी बदलायचं नाही, भांड्याला कुठलंही यंत्र लावायचं नाही, 'यंत्राने शक्ती तुटते'. रोज मूठभर खाणं मनोभावे घालायचं. मासा जगला तर तो घर राखतो. मेला तर त्याने आपली पीडा स्वतःवर घेतली! थोडक्यात, मासा काहीही करो, बाबा पास. मेला की मनोभावे दुसरा न्यायचा.

आत्याचे दोन मेले होते.

तिच्या पित्ताशयात खडे होते. अधूनमधून उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची की ही एवढी खंबीर बाई पलंगाची दांडी धरून बसायची. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, पित्ताची पिशवी काढून टाका, उशीर केलात तर जंतुसंसर्ग होईल, जिवावर बेतेल. आत्याने ऑपरेशनची तारीख घेतली, पहिला मासा मेला म्हणून रद्द केली, पुन्हा घेतली, दुसरा मेला म्हणून पुन्हा रद्द केली. "खडे विरघळताहेत गं," ती मला म्हणाली. "त्या दोघांनी निम्मे नेले असणार." आता परवाची तारीख होती आणि ती तिसरा मासा घ्यायला आली होती. आतोबांनी मला फोनवर गळ घातली, "तू तरी बोल तिच्याशी." त्या घरात आतोबांचं ऐकायची पद्धत नाही, आणि माझं ऐकायची तर त्याहून नाही. मी बोलत होते आणि ती मान हलवत होती, नको असलेल्या पाहुण्याला चहा विचारावा तशी.

"बाथरूमला जाऊन येते," आत्या कुजबुजली आणि गुडघ्यांवर हात ठेवत उठली.

इथे आत्याबद्दल एक सांगायला हवं. ती जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की तिचा हात आपोआप बटणाकडे जातो. कुणाचं घर आहे, हा प्रश्न तिला पडत नाही. माझ्या लग्नात तिने नवऱ्या मुलाच्या खोलीतला पंखा बंद केला होता, मुलगा आत कपडे बदलत असताना.

ती गेली आणि थोड्याच वेळात बुडबुडे थांबले.

एकदम. खडकातून शेवटचा बुडबुडा वर आला, फुटला, संपलं. इतका वेळ डुलणारी पाणवनस्पतींची पानंही निश्चल झाली.

"जप थांबला!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर नळ गेल्यासारखा भाव आला. पण माणूस कसलेला. डोळे मिटून त्यांनी बोट उचललं, आणि ते बोट सगळ्या खोलीवरून फिरत नेमकं माझ्यावर थांबलं. "इथे कुणीतरी शंका घेऊन बसलंय."

पर्सची चलाखी फुकट गेली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "ताई, जरा बाहेर उभ्या राहता का?" चष्मेवाला अजिजीने म्हणाला. मी उठले, दाराबाहेर जाऊन उभी राहिले. बुडबुडे आले नाहीत. मी पायरी उतरले. तरी नाहीत. आणखी लांब गेले असते तर गंमत हुकली असती, म्हणून तिथेच थांबले.

"मलाच आत ध्यान लावावं लागणार," बाबा उठले आणि मागच्या बोळातल्या पडद्याआड गेले. मिनिटभरात खडकातून पुन्हा बुडबुडे उसळले. टाळ्यांचा कडकडाट! बाबा घाम पुसत परत आले आणि आसनावर टेकले.

तेवढ्यात बाथरूमचं दार वाजलं, आणि पडद्यामागून आत्याचा तो खास वसतिगृहाचा आवाज आला.

"हे कुणी परत लावलं? आत्ता तर बंद केलं होतं मी! खोलीत चिटपाखरू नाही आणि बटण चालू!"

खट्.

बुडबुडे थांबले.

आत्या पदर सावरत बाहेर आली. "महाराज, रागावू नका, पण मागच्या खोलीत उगाच वीज जळत होती. दोनदा बंद केलं मी."

सगळे टाकीकडे बघत होते. मी पायरीवरूनच ओरडले, "आत्या, लाव बघू ते बटण."

"आता कशाला लावू? आत कुणी आहे का?"

"लाव तर खरं!"

ती कुरकुरत गेली. खट्. बुडबुडे. "आता बंद." खट्. काही नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं.

"विजेतूनही शक्तीच वाहते!" बाबा गरजले.

"माझ्या दुकानातला पंखाही बटणावरच फिरतो," चष्मेवाला सावकाश म्हणाला. "त्याला कधी कुणी साधक म्हटलं नाही."

मग कोण थांबतंय? लोकांनी टाकीमागचं रंगीत कापड ओढलं. हवेचा छोटा पंप होता, त्याची नळी खडकात गेलेली. पाणी गाळणारा फिल्टर होता. खडकाआड काचेची नळी उभी होती, ती पाणी तापवणारा हीटर. जप, निर्मळता आणि साधनेची ऊब, तिन्ही एकाच तारेवर. मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात नवख्या गिऱ्हाइकाला हेच सगळं आधी देतात, सोबत एक थर्मामीटर आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध. बाबांनी स्वतःच्या माशाला हे सगळं दिलं होतं. बाबा जाणकार होते, हे मान्य करायलाच हवं.

"मग आमचे का मरतात?" एका बाईने विचारलं. तिच्या हातात नवं भांडं होतं.

"हा मासा उबदार पाण्यातला," मी आत येत म्हणाले. "थंड पाण्यात तो गारठतो. त्याची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो त्याला विष आहे. फिल्टरमध्ये सूक्ष्म जंतूंची वस्ती होते, ते हे विष पचवतात. पण ती वस्ती बसायला काही आठवडे लागतात. तुमच्या भांड्यात ना ऊब, ना फिल्टर, आणि वर मूठभर खाणं. तो पीडा घेत नव्हता. त्याचा जीव गुदमरत होता."

बाबा कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. आत्या मात्र खाली बसली.

"तो वर येऊन तोंड उघडायचा गं," ती म्हणाली. "सारखा. मला वाटायचं माझ्यासाठी जप करतोय. मी त्याच्यासमोर हात जोडून बसायचे."

"तो हवा शोधत होता, आत्या."

मला तिचा रागही आला होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं. मी जवळच घेतलं. "म्हणजे खडे तिथेच आहेत," ती माझ्या खांद्याशी म्हणाली. "सगळेच्या सगळे."

"सगळेच्या सगळे. चल, तारीख परवाची आहे."

ऑपरेशननंतर सर्जननी ते खडे बाटलीत घालून दाखवले. पित्ताशय आतून सुजलं होतं, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असंही सांगितलं. आत्याने बाटली हलवून बघितली आणि आतोबांना म्हणाली, "बघा, एकही हलला नव्हता." आतोबांनी बोलायची त्या घरात पद्धत नाही, पण ते रडत होते.

आता तिच्या बैठकीत टाकी आहे. हीटर, फिल्टर, थर्मामीटर, सगळं जिथल्या तिथे. सुरुवातीचे कित्येक आठवडे त्यात नुसतं पाणी, खडे आणि पाणवनस्पती होत्या. फिल्टरमधल्या जंतूंसाठी ती चिमूटभर खाणं टाकायची आणि पाणी तपासत बसायची. पाहुणे विचारायचे, मासे कुठे आहेत? "आधी पाणी तयार होऊ दे," आत्या सांगायची, "मी दोघांना घाई करून मारलंय." त्या टाकीचं बटण घरातलं एकमेव असं, ज्याला ती हात लावत नाही. त्यावर तिने चिकटपट्टी लावली आहे, स्वतःच्या भीतीने.

परवा शेजारची आली होती. तिच्या मुलाचा ताप उतरत नव्हता आणि कुणीतरी तिला नव्या एका बाबांचा पत्ता दिला होता. तिथे म्हणे दगड घाम गाळतो.

"आधी मुलाला डॉक्टरकडे ने," आत्या म्हणाली. "मग आपण दोघी जाऊ त्या दगडाकडे. तू समोर बस, मी मागच्या खोलीत जाऊन येते."