सकाळचा मिस्ड कॉल

दिवाळी सरली आणि वडवणीकडचं त्रिंबकचं सगळं गाव ऊस तोडायला गेलं. त्याची बायकोही तिच्या भावाच्या टोळीत गेली. मागं म्हातारे उरले आणि रक्ताचा कॅन्सर झालेला त्रिंबक. रोज एक गोळी, तीही जन्मभर. "धडधाकट दिसतोस बे, नुसतं ढोंग," असं टोचायलाही आता कुणी नव्हतं.

परळीची नीलम्मा त्याला दवाखान्याच्या रांगेत भेटलेली. तिलाही हाच आजार. सकाळी गोळी घेतली की दोघं एकमेकांना मिस्ड कॉल द्यायचे. आज त्यानं दिलाच नाही.

तिचा फोन वाजतच राहिला, तेव्हा त्यानं उचलला.

"घेतली का?"

"कावून घेऊ? कुणासाठी?"

"बरं. माझी बी हातातच हाय. तुमी गिळल्याबिगर मी गिळत न्हाई."

त्यानं साऱ्या गावाला एक शिवी हासडली आणि पाण्याचा तांब्या ओढला.